बर्फाळ पाण्यातलं कारखाना-जहाज पाहायचंय? आधी बोटं तयार करा

प्रश्न असा आहे: मी बडोद्याचा, वय ३६, औषध कंपनीत नोकरी. स्कूबाचं ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर प्रमाणपत्र आहे. अंदमान, तारकर्ली आणि नेत्राणी मिळून बऱ्यापैकी डाइव्ह झाल्या आहेत. पुढच्या वर्षाअखेरीस अंटार्क्टिकाला जाऊन 'गव्हर्नोरेन' या बुडालेल्या व्हेल-कारखाना जहाजावर डायव्हिंग करायचं आहे, जमलं तर आतही शिरायचं आहे. गरम पाण्यातला अनुभव तिथे किती उपयोगी पडेल? बडोद्यात बसून काय तयारी करता येईल? बायको म्हणते, आधी बीपीचं बघ. ते कितपत मनावर घ्यावं?

उत्तर:

वहिनींचं ऐका. ते का, ते पुढे लिहितो.

तुमचा अनुभव वाया जाणार नाही. पाण्यात एका पातळीवर स्थिर राहणं, कान मोकळे करणं, बडीवर, म्हणजे पाण्यातल्या जोडीदारावर, नजर ठेवणं हे जे अंगवळणी पडलंय ते तिथेही लागणारच. पण हे सगळं तुम्ही मोकळ्या बोटांनी शिकला आहात. मास्कचा पट्टा सरळ करणं, क्लिप अडकवणं, हवा सोडायचं बटण नेमकं सापडणं, सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवणं ही कामं अंदमानच्या २८-२९ अंशांच्या पाण्यात बोटं परस्पर उरकतात, डोक्याला विचारतसुद्धा नाहीत. शून्याखालच्या पाण्यात तीच बोटं ही कामं विसरतात. मी पाण्याखालच्या कामांवर पोट भरलं, दहेज-हजिऱ्याच्या जेट्यांचे खांब तपासण्यापासून उत्तरेकडच्या गार समुद्रांपर्यंत. गार पाण्यात जे अडचणीत आलेले पाहिले, ते बहुतेक खोलीमुळे नव्हते आले. हाताने वेळेवर करायचं एखादं बारीक काम झालं नाही, एवढंच कारण असायचं. म्हणून या उत्तराचा बराच भाग बोटांबद्दलच आहे.

पण आधी जहाज समजून घ्या, कारण ते कसं बुडालं यावरच तिथे कसं वागायचं ते ठरतं.

गव्हर्नोरेन नॉर्वेचं. मारलेला व्हेल मागच्या उतारावरून थेट डेकवर ओढून घ्यायची सोय १९२० च्या दशकात आली. त्याआधीची ही जहाजं वाऱ्यापासून आडोसा असलेल्या एखाद्या खाडीत नांगर टाकून मोसमभर उभी राहत. लहान शिकारी बोटी व्हेल मारून आणत, जहाजाच्या कडेला पाण्यातच बांधून त्याची चरबी सोलली जाई, आणि डेकखालच्या मोठाल्या बंद भांड्यांत ती वाफेवर शिजवून तेल काढलं जाई. बॉयलरला गोडं पाणी सतत लागे. ते वाहून आणणाऱ्या लाकडी होड्या त्या बेटाच्या किनाऱ्यावर अजून पडलेल्या दिसतात. तेल जाई दिव्यांना, साबणाला, वंगणाला. जर्मनीत नॉर्मान यांनी १९०२ मध्ये तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करायच्या कृतीचं पेटंट घेतलं, त्यानंतर ते मार्गारीनमध्येही जाऊ लागलं. आपलं वनस्पती तूप याच कृतीचं, हे औषध कंपनीतल्या माणसाला मी सांगायला नको. त्यात पहिलं महायुद्ध पेटलं आणि चरबीतून निघणारं ग्लिसरीन स्फोटकांसाठी हवंहवंसं झालं.

जानेवारी १९१५. मोसम संपत आलेला, माल भरलेला, घरी निघायच्या आनंदात जहाजावर मेजवानी चाललेली. त्या गडबडीत दिवा कलंडला असं सांगतात. तेलाने माखलेलं जहाज, विझवायचा प्रश्नच नव्हता. कप्तानाने ते किनाऱ्याला लावलं आणि सगळेच्या सगळे ८५ जण वाचले. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम बाजूला विल्हेल्मिना उपसागरात एंटरप्राइझ नावाचं बेट आहे, तिथल्या फॉइन हार्बरमध्ये ते आजही आहे. (फॉइन म्हणजे स्फोटक हार्पूनची तोफ बनवणारे स्वेंड फॉइन. नाव शोभतं त्या जागेला.) जहाजाचा काही भाग पाण्यावर गंजत उभा आहे, त्यावर टर्न पक्षी घरटी करतात आणि शिडाच्या नौका त्यालाच दोर बांधून रात्र काढतात. बाकीचं पाण्याखाली. खोली फार नाही, तुमच्या प्रमाणपत्राच्या मर्यादेत सहज बसते.

थोडक्यात, तुम्ही जिथे जाणार आहात तो आधी भाजलेला आणि मग शंभरावर वर्षं बर्फाने ढकललेला लोखंडी सांगाडा आहे. आगीत पत्रा पीळ घेतो, रिव्हेट ढिले पडतात. थंड पाण्यात गंज सावकाश चढतो आणि अंटार्क्टिकात लाकूड पोखरणारे समुद्री किडेही नाहीत. म्हणूनच ध्रुवीय शोधक शॅकल्टनचं लाकडी 'एन्ड्युरन्स' २०२२ मध्ये अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात ३००८ मीटर खोल सापडलं तेव्हा मागच्या बाजूवरचं नावसुद्धा वाचता येत होतं, इतकं धड होतं. पण धड दिसणं वेगळं आणि भार सोसणं वेगळं. लोखंडी जहाजाच्या बाबतीत हा फरक जीवघेणा ठरू शकतो.

आता थंडी. समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठतं, आणि त्या भागात उन्हाळ्यातही पाणी उणे एक ते अधिक दोन अंशांच्या मध्ये असतं. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या पंचवीसेक पट वेगाने ओढून नेतं. पाण्यात शिरल्यावर पहिलं मिनिट कपाळात सणक येते, ओठ बधिर होतात आणि श्वास आखूड होतो. हे सगळ्यांना होतं. त्या मिनिटात खाली जायचं नाही. वरच दोरी धरून राहायचं, श्वास लांब होईपर्यंत. त्यानंतर शरीर आपला हिशेब सुरू करतं: छाती-पोट सांभाळायचं, हात-पाय सोडून द्यायचे. रक्त आत ओढलं जातं आणि बोटं दुखू लागतात. दुखतायत तोवर ठीक आहे. दुखायची थांबली आणि तरी तुम्ही खालीच असाल, तर उशीर झालेला आहे. बोटं दुखायला लागताच बडीला वर जायची खूण करायची. 'अजून पाच मिनिटं निघतील' असं म्हणणाऱ्या बडीबरोबर दुसऱ्या दिवशी जाऊ नये.

बोटं गेली की नेमकं काय अडतं? रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणारं साधन. याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

सिलिंडरमधली हवा २०० बारच्या दाबाने असते. रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग, फर्स्ट स्टेज, ती भोवतालच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार वर आणून ठेवतो. एवढा दाब एकदम उतरला की हवा फैलावते आणि प्रचंड गार होते. स्कूटरच्या टायरची हवा सोडताना व्हॉल्व्हच्या तोंडाशी बोट धरून पाहा, तोच प्रकार. अंदमानमध्ये भोवतालचं गरम पाणी रेग्युलेटरच्या धातूला लगेच ऊब देतं. शून्याजवळच्या पाण्याकडे द्यायला काही नसतं. मग स्प्रिंगभोवतीचं पाणी गोठतं, झडप उघडी अडकते, मधला दाब चढत जातो आणि तोंडात धरायचा भाग, सेकंड स्टेज, धो-धो हवा ओतू लागतो. यालाच फ्री-फ्लो म्हणतात. भरलेला सिलिंडर त्यात काही मिनिटांत रिकामा होतो. आणि जितकी हवा वाहते तितकं ते आणखी गोठतं, त्यामुळे आपोआप थांबायची आशा ठेवू नये. उपाय एकच: त्या रेग्युलेटरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, दुसऱ्यावर श्वास घ्यायचा, डाइव्ह तिथेच संपवायची.

हे पाहायचं असेल तर अंटार्क्टिकाला जायची गरज नाही. इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ स्टोनी कोव्ह नावाची जुनी ग्रॅनाइटची खाण आहे, पाण्याने भरलेली, सुमारे ३६ मीटर खोल. डायव्हिंग शिकणाऱ्यांची पंढरीच. तिच्या तळाशी 'स्टॅनगार्थ' नावाची १९१० सालची वाफेवर चालणारी टग बोट आहे, २०००मध्ये मुद्दाम बुडवलेली. एका फेब्रुवारीत तिच्याभोवती आम्ही फिरत होतो. पाणी पाच अंश. माझा बडी तगडा, अनुभवी. त्याने बोटीच्या कडेवर स्थिर व्हायला ड्रायसूटमध्ये, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या सूटमध्ये, हवा भरली आणि त्याच दमात एक लांब श्वास ओढला. एकाच फर्स्ट स्टेजवर दोन्हीकडून ओढ. बुडबुड्यांचा पडदा उभा राहिला, पलीकडचं त्याचं तोंड दिसेना. तो शांत होता, दुसरा रेग्युलेटर तोंडात घेतलाही. मग हात मानेमागे नेला आणि व्हॉल्व्हची मूठ चाचपू लागला. पाच मिलिमीटरचा हातमोजा, आतली बोटं बधिर. त्याला मूठ लागत होती पण कोणती ते कळत नव्हतं, आणि लागली ती फिरत नव्हती, कारण हातमोजा ओल्या रबरावरून घसरत होता. मी जवळ गेलो, त्याचा हात बाजूला केला आणि तळव्याने दाबून मूठ वळवली. बोटांनी नव्हे, तळव्याने. पाणी एकदम शांत झालं. वर आल्यावर तो म्हणाला, सगळं येत होतं, फक्त हात परका वाटत होता.

गोड्या पाण्यातला हा प्रकार समुद्रापेक्षा लवकर होतो, कारण खारं पाणी शून्याला गोठत नाही. म्हणून तुमची परीक्षा अशा खाणीत व्हावी असं मला वाटतं. शिवाय लेस्टरला बडोद्यातल्या निम्म्या गल्लीचे नातेवाईक असतात. तुमचंही कोणी असेलच. राहायची सोय होईल, फक्त डाइव्हच्या आदल्या रात्री जेवणाचा आग्रह मोडता आला पाहिजे.

रेग्युलेटर विकत घेताना हे पाहा. युरोपीय मानक ईएन २५० दहा अंशांखालच्या पाण्याला गार पाणी मानतं. ज्या रेग्युलेटरवर 'दहा अंशांपेक्षा जास्त' अशी खूण असेल तो तुमच्या कामाचा नाही. फर्स्ट स्टेज बंदिस्त असायला हवा, म्हणजे स्प्रिंगपाशी पाणी पोचतच नाही असा. आणि असे दोन संपूर्ण रेग्युलेटर हवेत, एकाच सिलिंडरच्या दोन वेगवेगळ्या व्हॉल्व्हवर, म्हणजे एक बंद करून दुसऱ्यावर जगता येईल. सूटची हवा एकावर, तरंगण्याच्या जॅकेटची दुसऱ्यावर. बोटीवर उघड्या गार हवेत रेग्युलेटर तोंडात धरून श्वास घेऊन पाहायचा नाही, तुमच्या श्वासातली वाफ आत गोठते. पर्जचं (जोराने हवा सोडायचं) बटण दाबून पाहायचं नाही. तपासणी केबिनच्या उबेत, पहिला श्वास पाण्यात डोकं गेल्यावर. सूटमध्ये हवा भरायची ती टिचक्या मारल्यासारखी थोडी थोडी, आणि तेव्हा श्वास ओढायचा नाही.

हवेचा हिशेब आधी कागदावर करा. बारा लिटरचा सिलिंडर २०० बारला म्हणजे २४०० लिटर. गरम पाण्यात तुम्ही मिनिटाला पंधरा-सोळा लिटर ओढत असाल, तिथे पंचवीस धरा. पंधरा मीटरवर दाब अडीच पट, म्हणजे मिनिटाला ६२ लिटर. पन्नास बार, म्हणजे ६०० लिटर, हात न लावता बाजूला ठेवले तर हाताशी उरतात १८०० लिटर. कागदावर एकोणतीस मिनिटं. प्रत्यक्षात बोटं तुम्हाला त्याआधीच वर आणतील, आणि आणू दे.

ड्रायसूटवर अनेक जण पानंच्या पानं लिहितात. माझ्या मते तो कोणत्या कापडाचा यावर वाद घालण्यात अर्थ नाही. अंगाला बसतो का आणि मानेचा सील (पाणी अडवणारी रबरी पट्टी) गळतो का, एवढंच महत्त्वाचं. ऊब सूट देत नाही, आतले कपडे देतात. लोकर किंवा जाड सिंथेटिक घाला. सुती बनियनसुद्धा नको, घाम धरून ठेवतं आणि मग तेच तुम्हाला गोठवतं. खरं शिकायचं ते सूटमधली हवा. खाली जाताना सूट अंगाला आवळतो म्हणून हवा भरायची, वर येताना ती फुगते म्हणून डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हने सोडायची. डोकं खाली, पाय वर झाले की सगळी हवा पायांत जाते, तिथून ती सोडायला व्हॉल्व्ह नाही, आणि माणूस पायांनी वर खेचला जातो. सुटका अशी: गुडघे पोटाशी घ्या, कोलांटी मारा, डावा दंड वर करा. ही कोलांटी झोपेत मारता आली पाहिजे. वजनही वाढतं. एवढे कपडे खाली न्यायला अंदमानातल्या दुप्पट-अडीचपट शिसं लागू शकतं, ते कमरेवर एका जागी न ठेवता वाटून ठेवा.

लघवीचा प्रश्न कोणी विचारत नाही, सगळ्यांना पडतो. थंडीत रक्त आत ओढलं गेलं की मूत्रपिंडं कामाला लागतात आणि वीस मिनिटांत जोराची लागते. त्या भीतीने लोक पाणी पिणं सोडतात आणि कोरड्या शरीराने डाइव्ह करतात, ते जास्त वाईट, रक्तातला नायट्रोजन मग नीट निघत नाही. मोठ्यांचा डायपर घाला. लाजू नका, शेजारच्या गोऱ्यानेही तोच घातलेला असतो.

हातमोजे दोन प्रकारचे: ओले, आणि सूटच्या मनगटाला कड्याने जोडलेले कोरडे. अंटार्क्टिकासाठी कोरडेच, आत पातळ लोकरीचे. पण गंजलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. मोजा फाटला तर गार पाणी बाहीतून थेट छातीपर्यंत येतं. म्हणून कड्याच्या आत मनगटाचा रबरी सील काढून टाकायचा नाही, कोणी सांगितलं तरी. तो असला तर फक्त पंजा भिजतो आणि वर यायला वेळ मिळतो. जहाजाला हात लावायचा नाही हा नियम वारशासाठी आहे तसा तुमच्या मोज्यासाठीही आहे.

आता बडोद्यातली तयारी. उन्हाळ्यात ४२ अंशांत बसून उणे एकची तयारी करायची म्हटलं की हसू येतं, पण हातांची होते, आणि चांगली होते. मोठी बादली, बर्फाची लादी फोडून अर्धी बादली बर्फ, वर पाणी. जाड हातमोजे घालून दोन्ही हात दहा मिनिटं आत. मग लगेच ही कामं, डोळे मिटून: मोठा बोल्ट-स्नॅप (खटक्याची क्लिप) कड्यात अडकवा आणि काढा, मास्कचा पट्टा कानामागून सोडवा, टॉर्चचं बटण शोधा. घरातल्या कोणालातरी समोर बसवा आणि कामं मध्येच ओरडून सांगायला सांगा. मुलांना हे फार आवडतं. एका फळीला दोन जुने नळ ठोका, ती फळी मानेमागे टांगा, आणि 'डावा बंद', 'उजवा उघड' याचा सराव करा. पाठीमागे हात नेल्यावर कोणत्या दिशेला फिरवलं की बंद होतं यात भलेभले चुकतात. तळव्याने वळवायची सवय इथेच लावा. बादलीत मीठ मात्र टाकू नका. हातमशीनच्या आइस्क्रीमला टाकतात तसं मीठ पडलं की पाणी शून्याच्या बरंच खाली जातं आणि कातडीला खरोखर इजा होते. हात मोज्याशिवाय घालू नका. आणि थंडीत ज्यांची बोटं पांढरी पडतात त्यांनी हा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. त्यांनी अंटार्क्टिकाचाही पुन्हा विचार करावा.

पोहायच्या तलावात, लालबागचा असो की क्लबचा, परवानगी मिळाली तर पूर्ण साहित्य घालून मास्क काढणं-घालणं आणि रेग्युलेटर बदलणं हातमोज्यांसकट करा. ड्रायसूट आपल्याकडे सहजासहजी भाड्याने मिळत नाही. कोणाचा मिळालाच तर तलावात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी वापरा, आतल्या जाड कपड्यांशिवाय. मे महिन्यात तो घालून काठावर दहा मिनिटं उभं राहिलात तर थंडीऐवजी उष्माघाताने उचलावं लागेल.

जहाजाची ओळख करून घ्यायची तर आपल्या गुजरातपेक्षा चांगली जागा नाही. अलंगला १९८३ पासून जहाजं तोडतात. तोडायच्या प्लॉटमध्ये परवानगीशिवाय सोडत नाहीत, पण रस्त्याकडेच्या दुकानांत जहाजातून निघालेला सगळा माल मांडलेला असतो. पलंग-कपबशा पाहू नका. जलरोधक दरवाजे पाहा, त्यांचा पत्रा किती जाड, कड्या किती, उंबरठा किती उंच. ढकलून पाहा एखादा. मग तोच दरवाजा आडव्या पडलेल्या जहाजात डोक्यावर आहे अशी कल्पना करा. आत शिरायच्या हौसेवर याचा चांगला परिणाम होतो.

हौसेचंच बोलायचं तर माझं मत स्पष्ट आहे: गव्हर्नोरेनच्या आत जाऊ नका. तुमचं प्रमाणपत्र त्याला पुरत नाही हे तर झालंच. पण रेक डायव्हिंगचा, म्हणजे बुडालेल्या जहाजांवरच्या डायव्हिंगचा, कोर्स करून आलात तरी माझं उत्तर बदलणार नाही. गार पाण्यातल्या प्रत्येक बिघाडाचं, फ्री-फ्लो, फाटलेला मोजा, बधिर बोटं, शेवटचं औषध एकच असतं, वर जाणं. डोक्यावर छप्पर आलं की ते औषधच गेलं. गुहेत किंवा जहाजात शिरणारे हवेचे तीन भाग करतात, एक आत जायला, एक बाहेर यायला, एक अडचणीसाठी. फ्री-फ्लो तिसरा भाग एका मिनिटात खाऊन टाकू शकतो. शिवाय तुमचे बुडबुडे वरच्या पत्र्याला लागले की गंजाचा पाऊस पडतो आणि दरवाजा कुठे होता ते दिसेनासं होतं. गरम पाण्यातल्या, मुद्दाम साफ करून बुडवलेल्या जहाजात मी लोकांना आनंदाने आत नेलं आहे. हे जहाज तसं नाही. बाहेरून पाहण्यासारखं तिथे भरपूर आहे: बर्फाने दाबलेल्या कडा, हार्पूनची टोकं, पत्र्याला लगडलेले लिंपेट शंख आणि तारामासे. उचलून मात्र काही आणायचं नाही. अंटार्क्टिक कराराखाली तिथल्या एकाही वस्तूला हलवायची मुभा नाही आणि आपला स्वतःचा अंटार्क्टिक कायदाही २०२२ मध्ये झाला आहे.

मधला टप्पा कोणता घ्यावा? स्टोनी कोव्हनंतर आइसलंडमधलं सिल्फ्रा, जमिनीतली पाण्याने भरलेली भेग. वर्षभर २ ते ४ अंश, पाणी इतकं स्वच्छ की खोलीचा अंदाज चुकतो. ड्रायसूटचा अनुभव असल्याशिवाय तिथे डाइव्ह करू देत नाहीत, त्यामुळे ती एक चाळणीही आहे. आइसलंडलाच सेयदिसफ्योर्दुरमध्ये 'एल ग्रिलो' हे १९४४ मध्ये जर्मन विमानांनी बॉम्ब टाकलेलं ब्रिटिश तेलवाहू जहाज आहे. नाव ऐकून मोह होईल, पण ते पंचेचाळीस मीटरच्या आसपास खोल आहे. तुमच्यासाठी नाही, निदान आत्ता नाही. अंटार्क्टिकाचे आयोजक साधारण वीस-तीस ड्रायसूट डाइव्हची नोंद मागतात. नोंदवही भरण्यासाठी त्या एका उन्हाळ्यात घाईने उरकू नका. निम्म्या तरी दहा अंशांखालच्या पाण्यात व्हाव्यात.

बीपी. थंड पाण्यात हातापायांतलं रक्त छातीकडे येतं, त्यात रक्तदाब वाढलेला असेल, सूट घट्ट असेल, वर श्रम झाले, तर काही जणांच्या फुप्फुसांत पाणी भरतं. बुडून नव्हे, त्यांच्याच रक्तातलं. पाण्याखाली अचानक धाप लागणं, खोकला, छातीत बुडबुडल्यासारखा आवाज, गुलाबी फेस अशी लक्षणं. यात थांबून दम खायचा नसतो, वर यायचं, सूट सैल करायचा, ऑक्सिजन घ्यायचा. पोहण्यात तरबेज, धडधाकट माणसांनाही हे झालेलं आहे, आणि वाढलेला रक्तदाब हे त्याचं ओळखीचं कारण आहे. तेव्हा तपासणी करा, डॉक्टरांना 'शून्य अंशाच्या पाण्यात डायव्हिंग' असे शब्द वापरून सांगा, नुसतं 'फिरायला चाललोय' असं नको, आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या. गोळ्या चालू असतील तर त्या थंडीत आणि श्रमात कशा वागतात तेही विचारा. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उश्वाया बंदरापासून द्वीपकल्पापर्यंत ड्रेक पॅसेज हा समुद्र ओलांडायला जहाजाला दोनेक दिवस लागतात. वर येताना रक्तात बुडबुडे झाले तर उपचाराला लागणारं दाबाचं चेंबर तिथे हाताशी असेल असं धरून चालता येत नाही. म्हणून तिथे सगळे वीस मीटरच्या वर, डीकॉम्प्रेशनच्या (वर येताना मध्ये थांबावं लागण्याच्या) मर्यादेपासून बरेच अलीकडे राहतात. वर आल्यावर लगेच कडक गरम पाण्याने अंघोळ करू नका, अंग हळूहळू तापू द्या.

लेपर्ड सील या शिकारी समुद्री प्राण्याबद्दल एवढंच: २००३ मध्ये अंटार्क्टिकातल्या ब्रिटिश रॉथेरा तळावर एका संशोधिकेचा त्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला आहे. तो दिसला आणि मार्गदर्शकाने बाहेर म्हटलं की बाहेर, फोटोसाठी थांबायचं नाही.

बुकिंग करताना आयोजकाला विचारा: सिलिंडरला दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह आहेत का, ऑक्सिजन किती तासांचा आहे, पाण्यात दोघांमागे एक मार्गदर्शक असतो की सहांमागे. डिसेंबर-जानेवारीत पाण्यात शेवाळ फुलतं आणि दिसणं कमी होतं, त्यामुळे नोव्हेंबरची जागा मिळाली तर थंडी थोडी जास्त सोसून ती घ्या. आणि गव्हर्नोरेनवर नक्की नेऊ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याच्याकडे पैसे भरू नका. त्या खाडीत वाऱ्याने बर्फ भरला की डाइव्ह होत नाही. मोठा तुकडा सरकून तुमच्या आणि बोटीच्या मध्ये आला तर मोकळ्या पाण्यालाही छप्पर होतं, म्हणून जाणता मार्गदर्शक त्या दिवशी दुसरीकडे नेतो. गव्हर्नोरेनवर डाइव्ह झाली नाही तर पैशांचं काय, हे करारात लिहिलेलं असतं. ते पान सही करण्याआधी वाचा.